तळटीप १७ : ‘नानाशेठची आगगाडी’

१७. नानाशेठ म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ (१८०३–१८६५), मुंबईचे सराफ-व्यापारी. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापण्यात पुढाकार. १८६२ पासून मुंबई कायदेमंडळाचे सभासद. तेव्हा सभासद सरकारच नेमी, त्यामुळे त्यांना मते मागत दारोदार फिरावे लागले नाही. ‘आगगाडी’ त्यांच्या एकट्याची अर्थातच नव्हे. ती जी. आय. पी. कंपनीची, आणि नाना तिच्या एतद्देशीय संचालकांपैकी एक. तरी आजोबांचा शब्दप्रयोग अगदीच चुकीचा म्हणवत नाही, कारण १८४५ पासून रेल्वेसाठी खटपट करणाऱ्यांत ते पुढे होते. सोलापूरला गाडी १८६० साली आली. मात्र बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. मधली तीन वर्षे मुंबईकडे निघालेला सोलापूरकर खंडाळ्याला उतरे, बोचकी सावरत डोलीने, तट्टावरून नाहीतर बैलगाडीने घाट उतरून खोपोली गाठी, आणि तिथे पुन्हा गाडीत बसे. पुढे आजोबा ‘घाटात हाडे खिळखिळी झाली’ म्हणतात ते याच टप्प्याबद्दल. मुलींची शाळा नानांनी स्वतःच्या वाड्यात भरू दिली होती; त्याविषयी प्रकरण ६ पाहावे.