मंगळवारी रुसणारा प्रिंटर

आज एका तक्रारीची गोष्ट सांगते. तक्रार एका बाईची होती आणि ऐकून हसूच यावं अशी होती. ती म्हणायची, मंगळवारी आपला प्रिंटर छापत नाही.

आता यंत्राला कसला आलाय वार? मंगळवारचा उपास आपण धरतो, प्रिंटर नाही. पण तिनं मंगळवारी नवऱ्याला समोर बसवून करूनच दाखवलं. खरंच कागद छापून येईना. मग त्यानं ते तक्रारवहीत लिहिलं.

ही 2008-09 सालची गोष्ट. त्यांच्या संगणकावर उबुंटू होतं आणि पत्रं लिहायला ओपनऑफिस. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर. ते विकत घ्यावं लागत नाही, आणि त्याच्या आतली ओळन् ओळ कुणालाही वाचता येते, सुधारता येते. त्याची तक्रारवहीसुद्धा उघडी असते. आपल्याकडच्या तक्रारपेटीला कुलूप असतं, चिठ्ठी आत गेली की गेली! इथे तक्रारीला नंबर पडतो आणि तिच्यावर कोण काय म्हणालं ते सगळ्यांना दिसतं. ह्या तक्रारीचा नंबर होता 255161.

चूक निघाली भलतीकडेच. ना प्रिंटरमध्ये, ना ओपनऑफिसमध्ये. संगणकात 'फाइल' नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. शितावरून भाताची परीक्षा करावी तसा तो थोडी अक्षरं बघून ठरवतो, की हे पत्र आहे, चित्र आहे की आणखी काही. त्यासाठी त्याच्याकडे खुणांची यादी असते. अर्लांग नावाच्या संगणकभाषेच्या फाइलींची खूण होती 22 जानेवारी 1991 ही तारीख, वारासकट. तो मंगळवार होता. पण यादी लिहिताना शब्दांमधल्या मोकळ्या जागा नीट नोंदवल्या गेल्या नाहीत आणि नुसतं 'ट्यू', म्हणजे इंग्रजी मंगळवाराची पहिली अक्षरं, एवढीच खूण उरली. ओपनऑफिस छापायच्या मजकुरात वरच्या बाजूला तारीख आणि वार घालायचं. मंगळवार आला की पत्र अर्लांगचं ठरायचं आणि छपाई अडायची.

'प्रिंटर चालत नाही' एवढंच तिनं सांगितलं असतं, तर कुणीतरी बुधवारी तपासून 'चालतोय की' म्हणालं असतं. तिनं वार पकडला होता. शिवाय दुसऱ्या प्रोग्राममधून छापलं जातं, हेही वहीत आलं होतं.

ओपनऑफिसमधूनच 2010 साली लिबरऑफिस निघालं. ते मराठीतही आहे. गटाचा हिशेब त्यात लिहिताना काही अडलं, तर मदतीच्या यादीतून तक्रार पाठवता येते. सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि दर वेळी होतं का, हे लिहायचं. इंग्रजीसाठी कॉलेजातल्या लेकीला बसवा, पण सांगायचं तुम्हीच. एक मात्र सांभाळा, हिशेबाचं खरं पान जोडू नका. वही उघडी असते. बायकांची नावं आणि खाते नंबर जगाला दिसतील. खोटी नावं घालून तसंच पान तयार करा.

यादीतली ती ओळ पुढे दुरुस्त झाली आणि अपडेटबरोबर लोकांच्या संगणकांवर गेली. त्या बाईचं नाव मात्र त्या नोंदीत नाही. नवऱ्यानं 'माझी बायको' एवढंच लिहिलंय.