बोट खोटे, पडदा खरा?

कंडरा हाडाला जिथे चिकटते तिथे दाह आहे का, हे बोटाने दाबून पाहणे, हा सोनोग्राफीच्या काळात निव्वळ रिवाज उरला आहे, असे मत बळावते आहे. त्याचा आधार पोकळ नाही. बालिंट आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये स्पाँडिलोआर्थ्रायटिसच्या 35 रुग्णांच्या पायांतील अशा 348 जागा तपासल्या. बोटाला 22 टक्के जागा सदोष वाटल्या, सोनोग्राफीला 56 टक्के. बोटाच्या नजरेतून बहुतेक दाह निसटतो, असा निष्कर्ष यातून काढला जातो.

पण निसटले ते दाहच होते, हे ठरवले कोणी? सोनोग्राफीनेच! वादीला न्यायासनावर बसवले, तर निकाल दुसरा काय लागणार? खरा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होईल. पण त्यासाठी आपल्या टाचेचा तुकडा कोण देणार?

पडद्यावर दिसणारा जाडपणा किंवा हाडाचा काटा वयाने, वजनाने, धावण्यानेही येतो. दागोस्तिनो यांच्या 2003 च्या अभ्यासात तुलनेसाठी घेतलेल्या, स्पाँडिलोआर्थ्रायटिस नसलेल्या 64 जणांपैकी 33 जणांत किमान एक जागा सदोष निघाली. हाडालगतचा वाढीव रक्तप्रवाह मात्र त्यांच्यापैकी एकातही नव्हता. म्हणजे सोनोग्राफीचा खरा साक्षीदार हा रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर. आणि तो भलता लहरी! कंडरा ताणलेली असली किंवा प्रोब जरा जोरात टेकला, तरी त्याचा संकेत विझतो. जाडी पाहायला कंडरेला थोडा ताण हवा, रक्तप्रवाह पाहायला ती सैल हवी. यंत्राच्या मागेही शेवटी तपासणाऱ्याचा हातच आहे.

बोट निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. हा दाह बोटाने मोजण्याच्या लीड्स निर्देशांकात सहा जागा दाबतात. त्यांतल्या चार, कोपरांच्या बाहेरच्या आणि गुडघ्यांच्या आतल्या, फायब्रोमायल्जिया या अंगभर दुखण्याच्या विकाराच्या 1990 च्या निकषांतील दुखऱ्या बिंदूंना अगदी लागून आहेत. तिथली कळ दाहाचा पुरावा होत नाही. तिथे सोनोग्राफी जरूर करावी. ती स्वच्छ आली, तर औषध वाढवण्याआधी थांबावे.

पण उलट प्रसंग घ्या. रुग्णाला दुखत नाही, दाबल्यावरही नाही, डॉप्लर शांत आहे. पडद्यावर फक्त जाडी आहे. एवढ्यावर दाह शमवणारे टीएनएफ-रोधक इंजेक्शन सुरू करायचे? या औषधाने शरीरात दडलेला क्षय जागा होऊ शकतो, आणि आपल्या देशात तो कितीजणांत दडून बसला आहे, हे डॉक्टरांना सांगायला हवे काय?