कूप, टीपी आणि तर्खडकर

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पहिल्या धड्यापासून पुन्हा काढली. कारण अगदी गावातलं होतं. आमच्या गावच्या तळ्याच्या पाण्यावर हक्क कोणाचा, असा वाद पेटला होता आणि एक जाणते गृहस्थ म्हणाले, "जुन्या बंदोबस्तात पाहा." जुना बंदोबस्त म्हणजे मेजर ल्युसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाचा १८६९ चा अहवाल. त्याची झेरॉक्स मिळाली. माझ्याच जिल्ह्याचा इतिहास मांडीवर होता आणि तो मला वाचता येत नव्हता. दहावीला इंग्रजीत दोनदा आपटलेला माणूस मी. अक्षरं ओळखीची, वाक्य मात्र कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हेच कळेना.

रोज रात्री अर्धं पान, असं करत तीन वर्षं लागली. एका बाजूला तर्खडकर, दुसऱ्या बाजूला मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश. हा कोश १८४७ चा. पुढे मोल्सवर्थचं चरित्र वाचलं तेव्हा गंमत वाटली. हा माणूस १७९५ चा. कोवळ्या वयात कंपनीच्या फौजेत भरती होऊन इकडे आला आणि इथे आल्यावर मराठी शिकला. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, दुसरी आवृत्ती १८५७ साली. म्हणजे मी इंग्रजी शिकत होतो ते मोठेपणी मराठी शिकलेल्या एका गोऱ्याचं बोट धरून! नागपूरचे स्टीफन हिस्लॉपही तसेच. १८४५ मध्ये आले तेव्हा त्यांची अठ्ठाविशी जवळ आलेली. ते मराठी शिकले, मग गोंडांच्या बोलीकडे वळले. एका परधानाकडून लिंगोची गाथा गोंडीत ऐकून त्यांनी ती रोमन लिपीत उतरवून घेतली. १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला आणि ते कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापले. गोंडी शब्दांची यादी आणि त्यांचे इंग्रजी अर्थही त्या कागदांत आहेत.

पण या साहेबांची गोष्ट आणि आमची गोष्ट एका तागडीत घालता येत नाही. साहेबाला पगारी मुन्शी किंवा पंडित मिळे. देशी भाषेची परीक्षा दिल्याशिवाय पुढची पायरी अडे, म्हणून शिकायला सवडही मिळे. मोल्सवर्थच्या दिमतीला तर पंडितांचा ताफाच होता. जंगलातल्या माणसाला कोणी मुन्शी नेमून दिला नाही. त्याच्याकडे इंग्रजी आली ती सुटी सुटी, एकेका शब्दाने, आणि बहुतेक वेळा दंडाच्या पावतीबरोबर.

गडचिरोली-चंद्रपूरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. रेंजर, बीट, डेपो, रिझर्व, टीपी हे शब्द तो अडखळल्याशिवाय बोलतो. 'कूप' या शब्दाने मला बराच काळ फसवलं. कूप म्हणजे विहीर, एवढं संस्कृत मला ठाऊक, म्हणून 'कूप कटाई' वाचून मी चक्रावलो. इंग्रजी कोशात शोधलं तर दोन दारांची मोटार निघाली. शेवटी एका निवृत्त वनपालांनी उलगडा केला. हा फ्रेंच शब्द, वनशास्त्राबरोबर इंग्रजीत आला आणि तिथून आमच्या मजुरांच्या तोंडी. त्याचा अर्थ, तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. ज्यांनी आयुष्यभर कूप तोडले त्यांना हा शब्द परका आहे हे सांगितलं तर ते हसतील.

माझ्या इंग्रजीची परीक्षा नागपूरच्या एका परिसंवादात झाली. एका परदेशी अभ्यासक बाईंनी चहाच्या वेळी मला तळ्याबद्दल विचारलं. सगळं समजलं. उत्तरही मनात तयार होतं. तोंडातून निघालं ते 'द सेड टँक, हियरइनबिफोर मेन्शन्ड'. बाई क्षणभर थांबल्या, मग मनापासून हसल्या. मीही हसलो. ज्या कागदांतून भाषा शिकलो त्यातला साहेबच माझ्या तोंडून बोलत होता. बाजारात 'रॅपिडेक्स' मिळतं, कपिल देवच्या जाहिरातीमुळे घरोघर माहीत झालेलं. तेही घेऊन पाहिलं. हॉटेलात खोली कशी मागावी ते आलं, तळ्याविषयी बोलता येईना.

उलट दिशेचं एक उदाहरण आमच्या जिल्ह्यात आहे आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. डिसेंबर १९७३ मध्ये प्रकाश आमटे हेमलकशाला गेले, आणि मंदाताईही. दोघेही डॉक्टर, इंग्रजीतून शिकलेले. समोर माडिया रोगी, मराठी न येणारा. दोघांनी माडिया शिकून घेतली. पोटात दुखतं की छातीत, हे कळलं नाही तर औषध कसलं देणार? शिकलेल्या माणसाने अडाणी ठरवलेल्या माणसाची भाषा गरजेपोटी शिकावी, असं इथे फार वेळा घडलेलं नाही.

आणि इंग्रजी शब्दाचं मोल किती, हे कळलं ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडून. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही बसवला होता. वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, कायद्यात बांबू झाड. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र तोच बांबू गौण वनउपजात घातला आणि त्यावर गावाचा हक्क सांगितला. दोन कायदे, एक शब्द, आणि त्यावर हजारो कुटुंबांची मजुरी. देवाजी तोफा आणि गावकरी अभ्यासगटात बसून कायदे समजून घेत. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे मित्र सोबत असत, चर्चा मात्र गावाच्या बोलीत चाले. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू गावाबाहेर न्यायला टीपी लागे आणि ती द्यायची कोणी यावर घोडं अडलं. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ट्रान्झिट पास हे त्याचं पूर्ण नाव किती जणांना सांगता आलं असतं? त्या दोन अक्षरांमागचा अधिकार मात्र सगळ्यांना नेमका ठाऊक होता. १९२७ च्या कायद्यातल्या व्याख्येतून बांबू निघाला तो त्यानंतर, २०१७ साली.

आमच्या तळ्याचं नाव मला त्या अहवालात सापडलं नाही. वाद तलाठ्याच्या दप्तरातल्या निस्तारपत्रकावर मिटला. जंगलातून सरपण, कुडाला काठ्या, जनावरांना चारापाणी घेण्याची जुनी वहिवाट म्हणजे निस्तार. साहेबांनी या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द शोधायच्या भानगडीत न पडता तो जसाच्या तसा दप्तरात घेतला. २००६ चा वनहक्क कायदा इंग्रजीत वाचताना कलम ३ मध्ये तो पुन्हा दिसला, रोमन अक्षरांत. त्या ओळीपाशी मला कोश उघडावा लागला नाही.