दोन पौंड दोन शिलिंगांचे कागद

मागच्या आठवड्यात ऑफिसात एक जुना कोड उघडायची वेळ आली. एका फंक्शनमध्ये ३७ हा आकडा ठोकलेला. ३७च का? कॉमेंट नाही, डॉक्युमेंट नाही, लिहिणारा माणूस कधीच कंपनी सोडून गेलेला. टीममध्ये मात्र त्यावर एक झकास दंतकथा होती. फार वर्षांपूर्वी म्हणे एका क्लायंटने तसा हट्ट धरला होता. मीसुद्धा ही कथा नव्या पोरांना तिखटमीठ लावून सांगितली आहे. परवा एका विसरलेल्या फोल्डरमध्ये त्या माणसाची टिपणं सापडली. ३७ म्हणजे जुन्या छापील फॉर्मवर मावणाऱ्या ओळी. बस्स, एवढंच!

कोड काय करतो ते कोडमध्ये दिसतं. का करतो ते फक्त अशा टिपणांत. तेव्हा या रविवारी अशाच एका माणसाच्या कागदांची गोष्ट.

माणूस म्हणजे ब्रॅम स्टोकर. हो, ड्रॅक्युलावाला. पण त्याच्या हयातीत लोक त्याला ओळखायचे ते हेन्री आयर्विंगचा मॅनेजर म्हणून. आयर्विंग हा त्या काळचा लंडनचा सगळ्यात मोठा नट आणि लायसियम थिएटर चालवणारा. स्टोकर मूळचा डब्लिनचा, सरकारी कारकून. संध्याकाळी वर्तमानपत्रात नाट्यपरीक्षणं लिहायचा, तीही फुकट. १८७६ साली त्याने आयर्विंगच्या हॅम्लेटवर लिहिलं, ओळख झाली, आणि १८७८ च्या डिसेंबरात नोकरी सोडून, लग्न करून हा गडी थेट लंडनला! जाताना सरकारी कारकुनांच्या कर्तव्यांवर एक मॅन्युअल लिहून गेला, ते १८७९ साली छापून आलं. हँडओव्हर असावा तर असा.

पुढची २७ वर्षं, म्हणजे १९०५ साली आयर्विंग वारला तोपर्यंत, स्टोकर हेच करत होता. तिकीटविक्री, हिशेब, जाहिराती, वर्तमानपत्रवाल्यांना सांभाळणं, अमेरिकेचे दौरे आणि पत्रं. त्याच्याच अंदाजाप्रमाणे आयर्विंगसाठी त्याने सुमारे पाच लाख पत्रं लिहिली. मी गणित करून पाहिलं. एकही सुट्टी न घेता रोज पन्नास! ईमेल नव्हतं तेव्हाची गोष्ट आहे ही, हाताने लिहायचं. माझ्या इनबॉक्सबद्दल मी यापुढे तक्रार करणार नाही (सोमवारपर्यंत तरी).

या सगळ्या धबडग्यात, उरलेल्या वेळात, त्याने सात वर्षं एका कादंबरीची तयारी केली. त्या तयारीची शंभराहून जास्त पानं आज फिलाडेल्फियाच्या रोझेनबाक संग्रहालयात आहेत. हाताने लिहिलेली, टाईप केलेली, लायसियमच्या कागदांवरची, हॉटेलच्या कागदांवरची. सगळ्यात जुनी तारीख ८ मार्च १८९०. पानं चाळली की एखाद्या मोठ्या प्रोजेक्टचं डिझाईन डॉक्युमेंट पाहिल्यासारखं वाटतं. पात्रांची यादी, त्यातली निम्मी पुढे कापलेली. एक गुप्तहेर होता, एक चित्रकार होता, दोघेही गेले. घटनांचं दिवसवार कॅलेंडर. रेल्वेच्या वेळा. सर्जन असलेल्या भावाने डोक्याच्या जखमांवर लिहून दिलेलं टिपण. व्हिटबीच्या स्मशानातल्या थडग्यांवरची नावं. १८८५ साली तिथल्या किनाऱ्याला लागून फुटलेल्या 'दिमित्री' या रशियन जहाजाची माहिती, जे कादंबरीत 'डिमीटर' झालं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाव. पहिल्या यादीत खलनायकाचं नाव आहे 'काऊंट वॅम्पायर'! (आपल्याकडे एखाद्या भूतकथेत भुताचं नाव 'भूतराव' ठेवावं तसं.) मग ते खोडून वर 'ड्रॅक्युला' लिहिलंय. हे नाव कुठून आलं तेही कागदच सांगतात. १८९० च्या उन्हाळ्यात स्टोकर व्हिटबीला सुट्टीवर होता. तिथल्या वाचनालयात त्याला विल्यम विल्किन्सनचं वॉलेकिया आणि मोल्डेव्हियावरचं १८२० सालचं पुस्तक मिळालं. त्यातली एक तळटीप त्याने उतरवून घेतली. तिचा मतितार्थ असा की वॉलेकियाच्या भाषेत ड्रॅक्युला म्हणजे सैतान, आणि शौर्य, क्रूरपणा किंवा कावेबाजपणा यांत उठून दिसणाऱ्या माणसाला तिकडे हे नाव देत. पुस्तकाचा वाचनालयातला नंबरसुद्धा लिहून ठेवलाय पठ्ठ्याने.

आता दंतकथेकडे येऊ. आपल्या सगळ्यांना 'माहीत' असतं की ड्रॅक्युला म्हणजे खरा तर व्लाद, शत्रूंना सुळावर चढवणारा पंधराव्या शतकातला राजा. मीही हॉस्टेलमध्ये रात्री दोन वाजता हे शपथेवर सांगितलंय. १९७२ साली फ्लोरेस्कू आणि मॅकनॅली या दोन इतिहासकारांचं पुस्तक आलं आणि ही कल्पना जगभर पसरली. पण टिपणांत व्लाद हे नाव नाही, सूळ नाहीत, काही नाही. विल्किन्सनमधून मिळालं ते तुर्कांशी लढलेल्या एका 'ड्रॅक्युला' सरदाराविषयी थोडंसं, तेवढंच कादंबरीत उतरलं. आर्मिनियस व्हाम्बेरी या हंगेरियन प्राध्यापकाने स्टोकरला सगळं सांगितलं असंही म्हणतात, त्यालाही टिपणांत आधार नाही. बरं, काऊंट आधी ट्रान्सिल्व्हेनियाचाही नव्हता, सुरुवातीचं ठिकाण होतं ऑस्ट्रियातलं स्टिरिया. म्हणजे राक्षस आधी तयार झाला, नाव आणि गाव नंतर चिकटलं. दंतकथा बरोबर उलटं सांगते.

हे कळायला इतका उशीर का झाला? कारण कागदांना कुणी किंमतच दिली नव्हती. स्टोकर २० एप्रिल १९१२ रोजी गेला. दुसऱ्या वर्षी ७ जुलैला सदबीजमध्ये त्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि ही टिपणं गेली दोन पौंड दोन शिलिंगांना. मग ती अमेरिकेत हातोहात फिरली आणि १९७० साली रोझेनबाकमध्ये पोचली. एलिझाबेथ मिलर आणि रॉबर्ट एटीन-बिसांग यांनी ती छायाप्रतींसह छापली ती २००८ साली!

कादंबरीचं टाईप केलेलं हस्तलिखित तर त्याहून नशीबवान. १९८० च्या दशकात ते पेनसिल्व्हेनियातल्या एका धान्याच्या कोठारात सापडलं. पानं कापून, चिकटवून, नंबर बदलून जुळवलेली, म्हणजे अक्षरशः कट-पेस्ट. वर शीर्षक 'द अन-डेड'. पुढे ते विकत घेतलं मायक्रोसॉफ्टच्या पॉल ॲलनने. आपल्या बिरादरीने इतिहासासाठी काहीतरी केलं म्हणायचं.

गंमत अशी की ज्या माणसाचे कागद असे वाऱ्यावर गेले, त्याची कादंबरी मात्र कागद सांभाळण्याबद्दलच आहे. त्यात मीना सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं, तारा तारखेप्रमाणे लावून टाईप करते आणि कार्बन कॉपी काढते. काऊंट येऊन मूळ कागद आणि फोनोग्राफची सिलिंडरं जाळून टाकतो, पण तिजोरीत एक प्रत शिल्लक असते. १८९७ सालच्या भूतकथेत ऑफसाईट नाही तरी निदान बॅकअप आहे!

शोध अजून चालूच आहेत. २०१८ साली लंडन लायब्ररीत फिलिप स्पेडिंगला स्टोकरने वापरलेली पुस्तकं सापडली, टिपणांतल्या उताऱ्यांशेजारी बरोबर खुणा केलेली (दुसऱ्याच्या पुस्तकात! निषेध!). २०२३ साली ब्रायन क्लीअरी या हौशी अभ्यासकाला डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १८९० सालच्या एका दैनिकाच्या पुरवणीत स्टोकरची विसरलेली कथा मिळाली. तो त्याच्या कामातून सुट्टीवर होता. सुट्टीत वाचनालयात बसणारे आपण एकटेच नाही, मंडळी.

ती पाच लाख पत्रं दुसऱ्याच्या नावाने होती आणि त्यातली बहुतेक विस्मरणात गेली. त्याची स्वतःची म्हणून जी चिटोरी उरली, त्यांनी शतकभरानंतर एक चुकीची गोष्ट दुरुस्त केली.

असो. ३७ च्या वर मी एक कॉमेंट टाकली आहे. तारीख, कारण आणि टिपणं कुठे आहेत तो पत्ता. त्या दोन पोरांनाही खरं काय ते सांगितलं. एक जण म्हणाला, "क्लायंटवाली गोष्ट जास्त भारी होती." होतीच. तिथेच तर घोळ आहे.