अल्पप्रसरणी संमिश्रे

तापमान बदलले तरी ज्यांची लांबी जवळपास कायम राहते, असे दोन किंवा अधिक घटकांचे घन पदार्थ. इलेक्ट्रॉनिकीत त्यांची निकड मोठी. एक अंश तापमानवाढीमागे सिलिकॉन दहा लाखांत सुमारे 2.6 भाग प्रसरण पावते, तांबे 17, तर इपॉक्सी रेझिन बहुधा 50हून अधिक. हे तिन्ही एकमेकांना चिकटलेले असतात. त्यामुळे दर तापण्या-निवण्याला सांध्यावर ताण येतो आणि अखेर तडा जातो.

उपाय म्हणून रेझिनमध्ये अल्पप्रसरणी पूड मिसळतात. वितळवून घडवलेली सिलिका (प्रसरण सु. 0.5 भाग) नेहमीची, झिर्कोनियम टंगस्टेट मात्र विलक्षणच, कारण तापवल्यावर ते आक्रसते. हे आक्रसणे सर्व दिशांना सारखे असून निरपेक्ष शून्याजवळून 1,050 केल्विनपर्यंत टिकते, असे अमेरिकेत आर्थर स्लाइट व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवले. त्याचे कारण उलगडण्यात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा वाटा मोलाचा आहे. रंजन मित्तल व एस. एल. चपलोत यांनी 1999 मध्ये स्फटिकजालाच्या कंपनांचे गणित मांडले. 2001 मध्ये सहकाऱ्यांसह दाबाखालच्या न्यूट्रॉन विकिरणाने ते पडताळले. या कंपनांत दोन धातू-अणूंना जोडणारा ऑक्सिजन आडवा थरथरतो आणि मधोमध हलवलेल्या दोरीसारखी टोके जवळ ओढली जातात.

झिर्कोनियम टंगस्टेट भट्टीत सुमारे 1,200 अंश सेल्सिअसला बनवले की कण जाडेभरडे निघतात. म्हणून बारीक कणांसाठी क्षारांचे आम्लयुक्त द्रावण बंद पात्रात तापवून आधी सजल पूर्वद्रव्याच्या कांड्या वाढवतात आणि मग सुमारे 600 अंशांना भाजतात. कांडीचा आकार बराचसा टिकतो. तिची लांबी-जाडी आम्लाची जात, तीव्रता व तापमान यांवर ठरते.

संमिश्राचे प्रसरण मुख्यतः पुडीच्या घनफळाच्या प्रमाणावर अवलंबून असते. अब्जांश आकारमानाच्या कौतुकात हे विसरले जाते. बारीक कण पातळ थरातही समान पसरतात, पण गुठळ्या धरतात आणि रेझिन दाट करतात. कांड्या आपल्या दिशेने प्रसरण अधिक रोखतात; गोल कण जास्त भरता येतात, म्हणून चिपच्या वेष्टनात बहुधा गोल सिलिकाच वापरतात. तांब्यासारख्या धातूत आणखी अडचण आहे: आतील दाब 0.2 गिगापास्कलच्या वर गेला, की झिर्कोनियम टंगस्टेट घट्ट रूप घेते आणि त्याचे आक्रसणे बहुतांशी ओसरते.