सूचीतील नाव आणि शोधातील क्रम

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या परिचयाच्या एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी एक पत्र आमच्यापुढे ठेवले. शाळेने नुकतेच आपले संकेतस्थळ तयार करून घेतले होते. ठरावीक रक्कम भरल्यास ते पाचशे ऑनलाइन सूचींत नोंदवून देऊ, म्हणजे इंटरनेटवर शोध घेणाऱ्याला शाळेचे नाव पहिल्याच पानावर दिसेल, असे पत्रात लिहिले होते. रक्कम एवढी, की तेवढ्यात प्रयोगशाळेसाठी दोन बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शक आले असते. मुख्याध्यापकांचा प्रश्न सरळ होता : "यात काही तथ्य आहे का?"

आम्ही "नाही" असे उत्तर दिले. परंतु हाच प्रश्न कोणी २००१ साली विचारला असता तर आम्हाला "होय" म्हणावे लागले असते. होकाराचा नकार कसा झाला, याचा इतिहास शिक्षकांनी समजून घेण्याजोगा आहे. संगणकाशी त्याचा संबंध आहेच, पण गुण, क्रमांक आणि शिफारस यांच्याशी तो अधिक आहे, आणि या तिन्ही गोष्टी तर आपल्या रोजच्या व्यवहारातल्या.

प्रारंभी वेबवर शोधण्यासारखे फारसे काही नव्हतेच. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात वेबची उभारणी केली, तेव्हा जगात कोठे कोठे वेबचे संगणक चालू झाले आहेत याची यादी ते स्वतःच ठेवीत असत. ही यादी हाताने ठेवणे लवकरच अशक्य झाले. १९९४ च्या सुरुवातीस अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे दोन संशोधक विद्यार्थी, जेरी यांग आणि डेव्हिड फिलो, आपापल्या आवडीची संकेतस्थळे नोंदवून ठेवू लागले. यादी वाढली तसे तिचे वर्ग पाडले, वर्गांचे उपवर्ग केले. त्याच वर्षी या सूचीला 'याहू' हे नाव मिळाले आणि १९९५ मध्ये तिची कंपनी झाली.

याहूची ही सूची यंत्राने नव्हे, माणसांनी तयार केलेली होती, हे आज विसरायला होते. कोणी आपले संकेतस्थळ सुचवले की कंपनीतील एखादा कर्मचारी ते उघडून पाही, ठेवण्याजोगे वाटले तर योग्य वर्गात बसवी, आणि त्याविषयी एखादी ओळ लिही. १९९५ मध्ये श्रीनिजा श्रीनिवासन या तरुणीला खास या वर्गीकरणाची घडी बसवण्यासाठी नेमण्यात आले. शाळेचे ग्रंथालय ज्यांनी सांभाळले आहे त्यांना या कामातील डोकेदुखी सांगायला नको. 'पक्ष्यांची स्थलांतरे' हे पुस्तक प्राणिशास्त्रात ठेवावे की भूगोलात? पुस्तक एकाच फळीवर राहू शकते. वेबवर निदान एवढी सोय होती की एकच नोंद दोन वर्गांत दाखवता येई.

त्या काळी शोधयंत्रे नव्हती असे नाही. वेबक्रॉलर आणि लायकॉस १९९४ मध्ये आली, अल्टाव्हिस्टा डिसेंबर १९९५ मध्ये. ही यंत्रे पानांमागून पाने वाचून कोणता शब्द कोठे व कितीदा आला आहे याचा हिशेब ठेवीत. लोकांनी त्यावर लगेच तोड काढली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवला की वाचणाऱ्याला काही दिसत नसे, यंत्र मात्र भुलत असे. त्यामुळे यंत्राच्या यादीपेक्षा माणसाच्या सूचीवर लोकांचा विश्वास अधिक असे. याहूत नाव असण्याचा मोठा लाभ म्हणजे तेथून माणसे थेट संकेतस्थळावर येत. शोधातील क्रमाचा प्रश्न अजून उपस्थित व्हायचा होता.

तो उपस्थित झाला पुन्हा स्टॅनफर्डमध्येच. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल या आपल्या शोधयंत्राची रचना निबंधरूपाने मांडली. मुळातील कल्पना ग्रंथालयातूनच आलेली होती. युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात असा विचार मांडला होता, की एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढच्या कोणकोणत्या निबंधांत झाला आहे याची सूची करावी. १९६० च्या दशकात अशी सूची प्रत्यक्षात आलीही. पेज आणि ब्रिन यांनी निबंधाच्या जागी वेबपान आणि उल्लेखाच्या जागी दुवा ठेवला. एका पानाने दुसऱ्याला दुवा दिला, म्हणजे जणू त्याची शिफारस केली. मात्र सर्व शिफारशी सारख्या नव्हेत. ज्याची स्वतःची पत मोठी, त्याच्या शिफारशीला वजन अधिक. या गणिताला पेजरँक असे नाव आहे.

गणित थोडे उलगडून पाहू, कारण पुढची सारी कथा त्यावर बेतलेली आहे. एखाद्या पानाची पत १० आहे असे समजा. ही पत ते ज्या पानांना दुवे देते त्यांच्यात सारखी वाटली जाते, पण पूर्ण नव्हे; साधारणतः ०.८५ ने गुणून. पानावर २० दुवे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.८५ × १० ÷ २०, म्हणजे ०.४२५ इतके येते. पत तीच ठेवून दुवे ५०० केले, तर वाटा केवळ ०.०१७ उरतो. पंचवीसपट कमी! आणि मुळात ज्याची पत शून्याच्या आसपास आहे त्याने शिफारस केली तर वाटायला काही असतच नाही. पाचशे सूचींचे आमिष दाखवणारे पत्र येथेच निम्मे गळून पडते.

आता गंमत पाहा. पेजरँक समजावून देताना त्याच्या कर्त्यांनी उदाहरण घेतले ते याहूचेच. याहूच्या मुखपृष्ठावरून आलेला एकच दुवा असला तरी तो मोलाचा, असा त्यांचा युक्तिवाद होता. कारण दर्जाहीन पानाला याहू दुवा देणारच नाही. म्हणजे याहूतील माणसाने संकेतस्थळ उघडून, वाचून, निवडले आहे हे यंत्राने गृहीत धरले होते. यंत्राच्या हुशारीखाली माणसाची मेहनत होती. त्याच लेखनात त्यांनी असेही म्हटले होते की फार तर कोणी महत्त्वाच्या स्थळांवर पैसे देऊन दुवा विकत घेईल, पण त्याला पैसे पडतात, म्हणून तो प्रकार आटोक्यात राहील. हा अंदाज साफ चुकला.

याच वर्षी दुसरी एक सूची जन्मास आली. रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल या दोन संगणक-अभियंत्यांना वाटले की याहूचे पगारी कर्मचारी वाढत्या वेबला पुरे पडणार नाहीत; हे काम स्वयंसेवकांनी करावे. नोव्हेंबर १९९८ पर्यंत ही सूची नेटस्केप कंपनीकडे गेली आणि 'ओपन डिरेक्टरी' झाली. लोक तिला डीमॉझ म्हणत. तिचे शेवटचे आकडे सुमारे ३८ लाख संकेतस्थळे आणि दहा लाखांवर वर्ग असे आहेत, आणि वर्षानुवर्षे त्यावर काम केलेल्या संपादकांची संख्या नव्वद हजारांच्या वर जाते. यांतील एकालाही मोबदला नव्हता. आमच्या मते वेबच्या इतिहासातील ही एक थोर आणि फारशी न गाइली गेलेली खटपट आहे.

डीमॉझची सर्व माहिती कोणालाही फुकट वापरता येई. मार्च २००० मध्ये गूगलनेही ती घेऊन आपली सूची काढली. फरक इतकाच की त्यातील नावे अकारविल्हे न लावता पेजरँकच्या क्रमाने लावली. इतर शेकडो ठिकाणी तिच्या जशाच्या तशा प्रती निघाल्या. परिणाम असा, की डीमॉझमध्ये एकदा नाव लागले की गूगलच्या सूचीतून एक दुवा, आणि या प्रतीप्रतीतून आणखी कितीतरी दुवे आपोआप मिळत. सूचीत नाव नोंदवल्याने शोधातील क्रम वर जातो, हा समज निर्माण झाला तो येथे. तेव्हा तो खोटा नव्हता. खुद्द गूगल आपल्या मार्गदर्शक सूचनांत संकेतस्थळ याहू, ओपन डिरेक्टरी अशा योग्य सूचींना कळवा, असे सांगत असे.

ज्या गोष्टीला किंमत आली तिचा बाजार भरणारच. याहूने १९९९ पासून १९९ डॉलर घेऊन लवकर तपासणी करण्याची सोय सुरू केली होती. पुढे व्यापारी संकेतस्थळांसाठी ती दरवर्षी २९९ डॉलरची झाली. हे पैसे तपासणीचे होते, नोंद होईलच अशी हमी त्यात नव्हती, एवढे याहूच्या बाजूने म्हटले पाहिजे. डीमॉझमध्ये पैशाचा प्रश्न नव्हता, पण कित्येक वर्गांना संपादकच उरला नाही आणि अर्ज वर्षवर्ष पडून राहू लागले. त्या पोकळीत हजारो नव्या सूची उगवल्या. त्यांत वाचक नव्हते, संपादक नव्हते, निवड नव्हती. अर्ज येईल तो घ्यायचा, आणि जमल्यास शुल्क घ्यायचे. या सूचींचा वाचक एकच : गूगलचे यंत्र.

येथे एक प्रयोग सुचवावासा वाटतो. आम्ही तो नववीच्या वर्गात करून पाहिला आहे. गणित अडले तर वर्गातील कोणाला विचाराल, अशी दोन नावे प्रत्येक विद्यार्थ्याने चिठ्ठीवर लिहावीत. चिठ्ठ्या मोजल्या की शिक्षकांच्या अंदाजाशी बरेच जुळणारे चित्र दिसते. आठवड्याने तोच प्रयोग पुन्हा करावा, पण आधी जाहीर करावे की सर्वाधिक चिठ्ठ्या मिळवणाऱ्यास कंपासपेटी बक्षीस. मधल्या सुटीत काय काय घडते ते पाहण्यासारखे असते. आमच्या वर्गात एका चिठ्ठीचा भाव दोन लिमलेटच्या गोळ्या असा निघाला, आणि पहिला आलेला मुलगा गणितात काठावर पास होणारा होता. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली चलनव्यवहारासंबंधी जे निरीक्षण नोंदवले, ते मुलांच्या लक्षात आणून द्यायला यापेक्षा सोपा मार्ग आम्हाला ठाऊक नाही : जे माप म्हणून वापरायचे त्यावर दडपण आले की ते माप राहत नाही. शोधनिबंधांतील उल्लेखांची मोजदाद नोकरी आणि बढतीशी जोडल्यावर काय झाले, हे महाविद्यालयीन मित्रांना सांगायला नकोच.

गूगलने पावले उचलली, पण हळूहळू. जानेवारी २००५ मध्ये अशी खूण ठरवण्यात आली की ती लावलेला दुवा शिफारस म्हणून मोजू नये. २००८ मध्ये सूचींना कळवा हा सल्ला मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला. २०११ मध्ये गूगलची स्वतःची सूची बंद झाली. आणि एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल आला, तेव्हा बनावट दुव्यांच्या जोरावर वर चढलेली संकेतस्थळे एकदम खाली घसरली. मग उलटी धावपळ सुरू झाली. कालपर्यंत नाव घ्या म्हणून पैसे मोजणारे लोक नाव काढा म्हणून विनवण्या करू लागले, आणि काही सूचीवाल्यांनी नाव काढण्याचेही पैसे मागितले! त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गूगलला अमुक दुवे आमच्या खाती धरू नका असे कळवण्याची सोय करून द्यावी लागली. २०१६ नंतर धोरण सौम्य झाले. असे दुवे आढळले तर शिक्षेऐवजी बहुधा त्यांच्याकडे दुर्लक्ष केले जाते. म्हणजे आज पाचशे सूचींत नाव घालण्याचे फळ बहुतांशी शून्य.

याहूची सूची डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाली. डीमॉझ १७ मार्च २०१७ रोजी मिटली. तिच्या काही संपादकांनी 'कर्ली' या नावाने ते काम पुढे चालू ठेवले आहे. ज्या मानवी निवडीच्या आधारावर शोधयंत्र शहाणे झाले, ती निवड करणाऱ्यांची गरज त्याच यंत्रामुळे संपली, याचे आम्हाला वाईट वाटते. यंत्राला दोष देऊन मात्र भागणार नाही. एवढे प्रचंड वेब हाताने निवडणे कोणालाच शक्य नव्हते.

मुख्याध्यापकांनी मग विचारले, "म्हणजे कोठेच नोंद करायची नाही?" तसे नव्हे. ज्या यादीत पालक खरोखर शाळा शोधतात तेथे नाव, पत्ता, दूरध्वनी बिनचूक असलाच पाहिजे. गूगलच्या नकाशावर शाळेची नोंद करायला पैसे पडत नाहीत, आणि आपले संकेतस्थळ गूगलला कळवण्याची सोयही मोफत आहे. ही नोंद माणसांसाठी करायची. त्यातून क्रमाला मदत झाली तर झाली.

त्या शाळेच्या विज्ञानशिक्षिकांनी परिसरातील झाडांची नोंदवही गेली सहा वर्षे विद्यार्थ्यांकडून भरून घेतली आहे : पानगळ कधी, मोहोर कधी, पहिले फळ कधी. ती कपाटात पडून होती. ती संकेतस्थळावर घालावी असे आम्ही सुचवले. दिवाळीनंतर जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाने आपल्या पानावरून तिला दुवा दिला. तो कोणी मागितला नव्हता. सूक्ष्मदर्शक अजून यायचे आहेत. मुख्याध्यापकांनी तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली आहेत.