गाणं-नाच शिकवणं हेही गावाचं काम

नगरपालिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नळ, गटार, दिवाबत्ती आणि घरपट्टी येते. मुलांना गाणं आणि नाच शिकवणं हेही तिचंच काम आहे, असं कुणी म्हणालं तर ‘आधी रस्ते नीट करा’ हे उत्तर ठरलेलं. त्यात चूक काहीच नाही. पण लोकांच्या पैशातून कला शिकवावी का, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. खानदेशच्या अगदी शेजारी जन्मलेल्या एका माणसानं त्याचं उत्तर १८८६ सालीच देऊन ठेवलं आहे.

तो माणूस म्हणजे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात १८६३ साली त्यांचा जन्म झाला. १८७५ मध्ये ते दत्तक गेले आणि बडोद्याच्या गादीवर बसले. शिंदखेड्याहून सुरतेकडे निघालेली गाडी दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर मागे टाकून सोनगड-व्याऱ्याकडे जाते. हा सोनगड-व्याऱ्याचा मुलूख त्या काळी बडोदे संस्थानातच होता. म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची नाही.

त्या काळी कला शिकायची कशी? गाणं शिकायचं तर उस्तादाच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि त्यांची मर्जी होईल तेव्हा एखादी चीज पदरात पाडून घ्यायची. खास विद्या बहुधा घरातल्या मुलांसाठीच राखलेली असे. नाचाचं तर आणखी अवघड होतं. नाच कुणी करायचा हे जन्मानंच ठरलेलं असे. लोक तो आवडीनं पाहत, पण नाचणाऱ्या बाईला मान देत नसत आणि आपल्या लेकीला त्या वाटेला जाऊ देत नसत.

बडोद्याच्या दरबाराचीही याहून वेगळी रीत नव्हती. १८८० साली सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झालं. नवरीबरोबर तंजावरचा नृत्याचा ताफाही बडोद्यास आला. गौरा आणि कांतिमती या नर्तकी, त्यांचे गुरू, त्यांचे साथीदार. लग्नाच्या आंदणात भांडी-दागिने यावेत तशी माणसं आणि त्यांची कला आली. ती राजवाड्यात राहिली, राजवाड्यासाठी नाचली.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १८८६ मध्ये, त्याच शहरात संस्थानच्या खर्चानं संगीत शाळा निघाली. प्रमुख होते मौलाबक्ष. दक्षिणेतही जाऊन शिकलेले हे मोठे गवई. त्यांनी स्वर कागदावर उतरवण्याची पद्धत बसवली आणि त्या लिपीत शिकवण्याची पुस्तकं तयार केली. धडा छापला गेला की तो एका घराण्याचा राहत नाही. आज पहिला, उद्या दुसरा, असा तो वर्गातल्या सगळ्यांना सारखाच मिळतो. इतिहासाच्या पुस्तकात ही बाब एखाद्या ओळीत संपते, पण बदल मोठा होता. कलेवरची मालकी घरातून निघून फळ्यावर आली.

नृत्याला हीच वाट चालायला बरीच वर्षं लागली. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्याच संगीत महाविद्यालयात भरतनाट्यम शिकवू लागले. आई राजवाड्यात नाचली आणि मुलगा सर्वांसाठी उघड्या असलेल्या वर्गात शिकवू लागला. अंतर एका पिढीचंच, पण केवढं!

दरम्यान विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ते राजाच्या नव्हे, लोकांच्या आश्रयावर चाललं. १९१६ मध्ये भातखंड्यांच्या प्रयत्नानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच. १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं राहिलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा त्याच्या परीक्षा आज लहान गावांतली मुलंही देतात. त्यांत कथक आणि भरतनाट्यमही आहे.

संस्थानं गेली. मग सयाजीरावांचं काम कुणाच्या वाट्याला आलं? उत्तर राज्यघटनेत आहे. ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती १९९३ पासून अमलात आली. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यात २१वा आहे सांस्कृतिक कार्यक्रमांचा. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यातला १३वा संस्कृती, शिक्षण आणि सौंदर्यदृष्टी यांना उत्तेजन देण्याचा. शिंदखेडा आधी ग्रामपंचायत होतं, आता तिथं नगरपंचायत आहे. अनुसूची बदलली, विषय मात्र सुटला नाही. ही सक्ती नाही हेही खरं. राज्यानं सोपवायचं आणि गावानं मनावर घ्यायचं, असा हा मामला आहे.

मोठ्या शहरांनी ते काही प्रमाणात मनावर घेतलं. मुंबई महापालिकेच्या शाळांत संगीत शिक्षक आहेत. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं निगडीत संगीत अकादमी चालवली. त्यांच्या तिजोऱ्या मोठ्या, हे मान्य. पण वर्गाला लागतं तरी काय? संध्याकाळी रिकामी असलेली शाळेची खोली, एक पेटी, एक तबल्याची जोडी आणि मानधनावरचा शिक्षक. नाट्यगृहापेक्षा हा खर्च कितीतरी कमी. अडचण एवढीच, की नाट्यगृहाचं उद्घाटन होतं, फोटो छापून येतो. वर्ग दिसत नाही.

शिकवणारेही आपल्याकडे आहेत. डफाच्या साथीनं वही गाणारे आहेत. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा रात्रभर अहिराणी गाणी म्हणणाऱ्या बाया आहेत. साक्रीच्या डोंगरपट्ट्यात पावरी वाजवणारे आहेत. यांना कुणी ‘गुरुजी’ म्हणून वर्गात बोलावलं, तर त्यांची कला पुढच्या पिढीच्या हाती जाईल. आपण मात्र शाळेच्या गॅदरिंगसाठी आठ दिवसांपुरता कुणीतरी आणतो आणि सिनेमाच्या गाण्यावर मुलं उभी करतो.

खाजगी क्लास आहेत, ते चांगलंच आहे. पण तिथं फी भरणाऱ्याची मुलगी शिकते, आणि शेतमजुराची मुलगी खिडकीतून बघते. शिवाय कुणाच्या घरी नाच शिकायला पाठवायला जो बाप कचरतो, तो नगरपंचायतीची पाटी लावलेल्या शाळेत लेकीला पाठवायला तयार होऊ शकतो. पूर्वी नाच कुणी शिकायचा हे जन्म ठरवत असे. आता ते पैसा ठरवणार असेल, तर १८८६ साली उघडलेलं दार आपणच पुन्हा लोटून घेतल्यासारखं होईल. अंदाजपत्रकाची सभा दरवर्षी होते. रस्ता आणि गटार यांच्या खाली एक ओळ या वर्गासाठीही असावी, एवढं मागायला काय हरकत आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)